लाल माठाचा वाफा

गुणाजीने माठाचं एक रोप उपटून तळहातावर घेतलं. पानांच्या कडा पिवळ्या, मुळं आखूड आणि तपकिरी. त्याने दुसरं उपटलं. तेही तसंच खुरटलेलं.

मुलुंडच्या चाळीमागे हा वाफा त्याने लेकीसाठी केला होता. सुलक्षणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिच्या अंगात रक्त कमी आहे, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. बाजारातली भाजी गटाराच्या पाण्यावरची, माझी पोर घरचीच खाणार, असं गुणाजीने अख्ख्या चाळीला ऐकवून ठेवलं होतं. आता तोंड दाखवायची चोरी झाली होती.

"बाबा, राहू दे ना. मी खाईन बाजारातली," सुलक्षणा दारातून म्हणाली.

"गप गो. माका माठ लावूक येणा नाय?"

त्याने आधी बियाण्याला शिव्या घातल्या, मग मुंबईच्या मातीला. पण भिंतीलगतची ओळ मात्र लालभडक, तरारून उभी होती. बी तेच, पाणी तेच. फक्त वाकताना कंबर धरते म्हणून तिथे त्याने राख घातली नव्हती.

राख त्याच्याच कारखान्यातली. संपात गिरणी सुटल्यापासून तो तिथे जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढायच्या भट्टीवर होता. गावी परसातल्या भाजीला चुलीतली राख घालतात, तशी त्याने भट्टीतली पोतंभर उचलून आणली होती. नावाची राख, होती ती शिशाची घाण.

त्याने हातातलं रोप खाली टाकलं.

"मीच मारलंय गो," तो म्हणाला.

"अरे बाबा, भाजीच तर आहे," सुलक्षणा हसली.

त्याला फार वाईट वाटलं. त्यातल्या त्यात एवढंच बरं, की यातलं पानही पोरीच्या पोटात गेलं नव्हतं. उगाच शंका नको म्हणून त्याने भिंतीकडची ओळही उपटली. मग उरलेली राख फेकायला तो घरात गेला, तर कोपऱ्यातलं पोतं जवळजवळ रिकामं होतं.

"रुक्मिणी, राख खंय गेली?"

रुक्मिणी मोरीत भांडी घासत बसली होती. तिने पातेलं उजेडात धरून दाखवलं.

"मीच घेतंय की रोज. बगा तरी, कशी लखलखतत भांडी!"

गुणाजीने पातेलं तिच्या हातातून ओढून घेतलं आणि नळ सोडून तो आतून, बाहेरून धूत राहिला.

"अवो, घासलंय मी ता," रुक्मिणी म्हणाली.

बाहेरून सुलक्षणाने हाक मारली, "आई, माझं दूध तापवलंस का गो?"