मुरमुऱ्याचं लंघन

आमच्या सोसायटीत सगळे म्हणतात, विनिताने सशाचं जेवढं केलं तेवढं आजकाल कुणी आईबापाचंही करत नाही. म्हणू देत. आठ महिने मी त्याचं सगळं केलं हे खरं आहे. पण शेवटी तो माझ्याच हातून गेला, आणि ते मी सोसायटीत कुणालाही सांगितलेलं नाही.

मुरमुरा प्राप्तीचा, म्हणजे माझ्या मुलीचा. ती बारा वर्षांची असताना रडून, जेवण सोडून, बापाच्या गळ्यात पडून तिने तो आणवला होता. पांढराशुभ्र, मुठीएवढा. मी तेव्हाच बजावलं होतं, "लेंड्या मी उचलणार नाही." दहा वर्षं मीच उचलल्या. प्राप्तीला नोकरी लागली आणि ती बंगळुरूला गेली तेव्हा जाताना माझ्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. मला वाटलं माझ्यासाठी रडतेय. तर म्हणाली, "आई, मुऱ्याला सांभाळ गं." घ्या!

फेब्रुवारीत त्याचे मागचे पाय घसरायला लागले. आधी मी फरशीला दोष दिला, मग फरशी पुसायच्या औषधाला. एक दिवस तो आपल्या खोक्यातून बाहेर आला आणि मागचा भाग नुसता ओढत आला. आमचे हे एसटीत, कल्याण डेपोला आहेत. त्यांनी सुट्टी टाकली आणि आम्ही त्याला घेऊन ठाण्याला गेलो. कुत्र्यामांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत, सशाचं कळणारे शोधावे लागतात. टेंभी नाक्याच्या अलीकडे एका इमारतीत डॉक्टर दीप्ती बसतात. तरुण मुलगी, पण हात शांत. एक्स-रे दाखवून म्हणाल्या, "काकू, मणके झिजलेत. पाय परत येणार नाहीत. पण नीट ठेवलात तर अजून बरेच दिवस आनंदात राहील."

नीट ठेवण्यात मी हार जात नाही. प्राप्तीची जुनी योगा मॅट बाल्कनीच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत कापून अंथरली, म्हणजे पुढच्या दोन पायांना पकड मिळेल. टॉवेलच्या गुंडाळ्या करून दोन्ही बाजूंना लावल्या, म्हणजे कलंडणार नाही. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्याच्या टबात त्याचा मागचा भाग धुवायचा, कोरडा करायचा, लघवीने लाल झालेल्या कातडीला मलम लावायचं. दुखण्याचं औषध सिरिंजने गालाच्या कडेतून द्यायचं. पहिल्या आठवड्यात तो मला चावला, दुसऱ्या आठवड्यात मी त्याला शिव्या घातल्या, तिसऱ्या आठवड्यापासून धुताना तो माझ्या मनगटावर डोकं टेकून पडायला लागला. मी खोटं कशाला बोलू, माझा जीव जडला. ह्यांच्या डब्यात मीठ पडलं का नाही हे मी विसरायचे, पण मुऱ्याची कोथिंबीर कधी विसरले नाही.

कोथिंबीर हा त्याचा प्राण. मी जुडी निवडायला बसले की देठ मोडल्याचा आवाज त्याला बाल्कनीत ऐकू जायचा. मग दोन पायांवर वल्ही मारल्यासारखा ओढत ओढत तो मॅटवरून यायचा. पंधरा पावलांच्या वाटेला त्याला पाच मिनिटं लागायची. मी उचलून आणत नसे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जेवढं चालेल तेवढं चालू द्या. दारात येऊन थांबला की मी म्हणायचे, "आले का साहेब?" आणि पहिली काडी त्याची.

प्राप्ती रोज व्हिडिओ कॉल करायची. दसऱ्याला ती येणार होती, तिकीट काढलं होतं. मी नवरात्राचे नऊही दिवस उपास धरते. यंदा घटासमोर हात जोडून एकच मागितलं, दसऱ्यापर्यंत याला काही होऊ देऊ नकोस. पोरीला तो जिवंत दिसू दे.

सातव्या माळेला, शनिवारी सकाळी त्याला धुवायला घेतलं तर मागे सगळा चिखल. मऊ, काळपट, चिकट, केसांत माखलेलं. नेहमीच्या कोरड्या लेंड्या नव्हेत. मी मनात म्हटलं, झालं, पोट बिघडलं. म्हाताऱ्याला हगवण लागली.

आता माझं माहेर सांगायला हवं. राजापूरकडचं. आम्ही सहा भावंडं आणि डॉक्टर लांब तालुक्याला. माझी आई, भागीरथीबाई, तिचं औषध एकच, लंघन. ताप आला, लंघन. पोट बिघडलं, लंघन. दिवसभर पोटात काही नाही, नुसतं कोमट पाणी, दुसऱ्या दिवशी पेज. सहाही पोरं जगली. प्राप्तीचं पोट बिघडायचं तेव्हा मी तेच केलं, ह्यांची ॲसिडिटी मी अशीच घालवली. सोसायटीतल्या पोरी काही झालं की गोळ्या गिळतात, मी त्यांना ऐकवत आलेय, पोटाला एक दिवस सुट्टी द्या. मला त्याचा अभिमान होता.

तर मी मुऱ्याला लंघन घातलं. धुऊन पुसून स्वच्छ केला, त्याच्या पुढ्यातलं वाळलं गवत काढून घेतलं, भाजीची वाटी उचलली, पाणी तेवढं ठेवलं. डॉक्टरांना फोन करायचं मनात आलं नाही असं नाही. पण आठ महिने सगळं निभावलेल्या बाईने एवढ्याशा कारणासाठी काय फोन करायचा? प्राप्तीचं तर सोडाच. ती ऑफिसात, उगाच घाबरायची. ह्यांनी विचारलं, "त्याला काही दिलं नाहीस?" मी म्हटलं, "माझाही उपास आहे, त्याचाही असू दे." ते हसले आणि ड्युटीवर गेले.

चार वाजता मी रात्रीची भाजी निवडायला बसले. सवयीने जुडी सोडली. थोड्या वेळाने पाहते तर हा दारात. दोन पायांवर ओढत आलेला, नाक सारखं हलतंय. मी म्हटलं, "आज नाही हं. उद्या देते, पोट बरं झालं की." त्याने मान वर करून पाहिलं. मी त्याला उचलला आणि जागेवर नेऊन ठेवला.

रात्री तो शांत होता. मला वाटलं, आराम पडला.

सकाळी मी निवडून निवडून कोवळी कोथिंबीर नेली. त्याने नाक फिरवलं. काडी ओठांना लावली, तरी नाही. दात करकर वाजवत होता, पोट टणक, कान थंडगार. डॉक्टरांना फोन लावला, रविवार असूनही त्या म्हणाल्या, "लगेच या." ह्यांनी गाडी बोलावली. कल्याणहून ठाण्यापर्यंत मी त्याला पदरात गुंडाळून पोटाशी धरलं होतं. टेंभी नाक्याच्या देवीमुळे पुढचे रस्ते बंद होते, पोलिसाने गाडी अडवली. मग आम्ही उतरलो आणि नव्या साड्या नेसून दर्शनाला निघालेल्या बायकांच्या गर्दीतून मी पळत गेले. सत्तावन्न वर्षांची मी, चप्पल एका पायात राहिली होती हे क्लिनिकच्या पायऱ्यांवर कळलं.

डॉक्टरांनी त्याचं पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "खाणं कधी सोडलं त्याने?"

मी म्हटलं, "सोडलं नाही. मी दिलं नाही. काल सकाळपासून. हगवण होती म्हणून लंघन."

त्यांचा हात थांबला. मी मऊ लेंड्यांचं सांगितलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "काकू, ती हगवण नव्हती. ससे दिवसातून एकदा तशा मऊ लेंड्या टाकतात आणि वाकून स्वतःच खातात. मणके आणखी झिजले, त्याला आता वाकता येत नाही म्हणून तिथेच माखल्या. सशाचं पोट सतत चालू लागतं. बारा तास रिकामं राहिलं तरी बंद पडतं."

आठ महिन्यांत मी सगळं विचारलं होतं, मलम कुठलं, पाणी किती कोमट, नखं कधी कापायची. आणि हे विचारलंच नाही. हे मला माहीतच होतं ना!

सुई लावली, गरम पाण्याच्या पिशव्या ठेवल्या, सिरिंजने औषध दिलं. दुपारी दोनच्या सुमाराला तो माझ्या मांडीवर एकदा जोरात ताणला गेला आणि संपला. मी त्याला हलवत राहिले. ह्यांनी माझा हात धरला तेव्हा थांबले.

डॉक्टर म्हणाल्या, "वयही झालं होतं, काकू." चांगली मुलगी आहे. मी ते वाक्य तसंच उचललं आणि फोनवर प्राप्तीला दिलं. "वय झालं होतं गं त्याचं." पलीकडून ती नुसती "आई, आई" करत होती.

डॉक्टरांनी त्याला एक रात्र क्लिनिकच्या फ्रीजमध्ये ठेवलं. सोमवारी पहाटेच्या विमानाने प्राप्ती आली. टिटवाळ्याला माझ्या नणंदेच्या, वैशालीच्या घरामागे थोडी जागा आहे, तिथे ह्यांनी खड्डा खणला. प्राप्तीने त्याला स्वतःच्या ओढणीत गुंडाळला. मग पिशवीतून कोथिंबिरीची जुडी काढली आणि त्याच्या तोंडापाशी ठेवली. "वाटेत भूक लागेल ना त्याला," म्हणाली. मला उभं राहवेना. वैशालीने मला धरून घरात नेलं आणि पाणी दिलं. तिला वाटलं उपासाने चक्कर आली.

दसऱ्याला संध्याकाळी पहिल्या मजल्यावरची सोनल सोनं द्यायला आली. आपट्याचं पान माझ्या हातात ठेवून म्हणाली, "काकू, तुम्ही त्याचं किती केलंत!" प्राप्तीने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. म्हणाली, "मी मोबाईलवर स्टेटस टाकलंय बघ, माझ्या आईसारखी आई नाही. अगं, मी असते तरी एवढं केलं नसतं."

सोनल गेली, दार लावलं आणि मी तिथेच उभी राहून सगळं सांगितलं. लंघन, गवत काढून घेतलेलं, न केलेला फोन. डॉक्टर काय म्हणाल्या तेही. ह्यांनी मान खाली घातली होती.

प्राप्ती किंचाळली, "एक फोन, आई! एक फोन करायचास ना! मी काय मेले होते?"

"मला वाटलं गं..."

"तुला नेहमी वाटतंच. तुला सगळं आधीच माहीत असतं. नेहमी." ती आत गेली आणि दार आपटलं. थोड्या वेळाने तिने ते स्टेटस काढून टाकलं. माझ्या मोबाईलवर मी पाहत होते, म्हणून कळलं.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी ताट वाढायचे, ती बापाशी बोलत जेवायची. योगा मॅट गुंडाळून तिने पलंगाखाली सारली. मला शिक्षा हवीच होती, आणि ती तिने दिली नसती तर कुणी दिली असती?

शुक्रवारी दुपारी ती निघाली. खाली रिक्षा उभी होती, हे बॅग घेऊन उतरले होते. बूट घालायला ती दारात वाकली आणि नाडी बांधता बांधता, वर न बघता म्हणाली, "एक विचारू?"

"विचार."

"त्या दिवशी त्याने मागितलं होतं का गं खायला?"

तिचा हात नाडीवर तसाच होता. मी तिच्या केसांमधल्या भांगाकडे बघत होते.

"नाही," मी म्हणाले. "झोपूनच होता दिवसभर. त्याला कळलंसुद्धा नाही."

तिने मोठा श्वास सोडला. उभी राहिली, मला घट्ट मिठी मारली आणि माझ्या मानेत तोंड खुपसून रडली. "आई, तू पण जेवत जा नीट," म्हणाली. मग जिना उतरून गेली. गॅलरीतून मी हात हलवला, तिनेही हलवला.

बाकी सगळं सांगितलं, हे एवढं तिला सांगवलं नाही. आणि तुम्हालाही मी तो एकदाच आला म्हणून सांगितलं. तो दोनदा आला होता. दुसऱ्यांदा संध्याकाळी, मी घटासमोर आरती करत होते तेव्हा. बाल्कनीपासून देवापर्यंत मॅट नव्हती, त्या घसरड्या फरशीवरून तो आला, आणि माझ्या पावलावर हनुवटी टेकवून थांबला. आरती मध्येच सोडायची नसते, म्हणून मी पाय काढून घेतला.