लसींचा फ्रीज

लहानपणी त्यानं घरातला रेडिओ खोलला, तो रेडिओ पुन्हा कधी बोलला नाही. तेव्हापासून ताईच्या या भावाला सगळे खटपट्या म्हणत. चाळिशी उलटली तरी नाव काही सुटलं नव्हतं. कंपनीतली नोकरी गेल्यावर तो घरी बसून होता. ताई लहान मुलांची डॉक्टर. आपल्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात संगणक बसवायचं काम तिनं त्यालाच दिलं. "नात्यात काम म्हणजे विकतचं दुखणं," भाऊजी म्हणाले. ताईनं ऐकलं नाही.

रविवारी दवाखाना बंद असताना त्यानं सगळं उरकलं. मागच्या खोलीत मुख्य संगणक, ताईच्या टेबलावर एक, बाहेर एक. वीज गेली तरी अडू नये म्हणून बॅटरी. घरी आला आणि जिवाला चैन पडेना. काहीतरी राहिलंय, पण काय? संध्याकाळी पुन्हा जाऊन आला. संगणक पाहिले, वायरी ओढून पाहिल्या. सगळं ठाकठीक. तरी जेवताना दोनदा ताटावरून उठला.

"पायाला भिंगरी लागलीय का?" बायको म्हणाली. "बसा की एका जागी!"

सोमवारी सगळ्यांच्या आधी त्यानं दवाखाना उघडला. मागच्या खोलीत पाऊल टाकलं आणि लक्षात आलं, इथे फारच शांत आहे. लसींच्या फ्रीजची घरघर नव्हती. बॅटरीला जागा हवी म्हणून त्यानंच फ्रीजची पिन काढली होती, पाच मिनिटांसाठी. ती कालपासून जमिनीवर लोळत होती. काल संध्याकाळीही तो तिच्यावरून पाय टाकून गेला असणार. पठ्ठ्याला दिसले फक्त संगणक!

त्यानं पिन दुसऱ्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये खोचली. फ्रीज घरघरला. दारावरचा तापमानाचा आकडा हळूहळू उतरू लागला आणि ताई येईपर्यंत अगदी जिथे हवा तिथे आला. आता कुणाच्या बापालाही कळलं नसतं. बोललं तर भाऊजींना आयतं कोलीत, आणि हातचं कामही जाणार. पण त्या लसी रात्रभर उबेत राहिल्या होत्या. त्यांचा भरवसा काय?

तो नीट असलेल्या वायरी पुन्हा नीट करत राहिला.

पहिलीच एक आई आली, कडेवर गुटगुटीत बाळ. "हे सगळं माझ्या भावानं बसवलंय हं," ताई कौतुकानं म्हणाली, आणि फ्रीजमधून बाटली काढून आणली. बाळ खटपट्याकडे पाहून बोळकं दाखवत हसलं.

"ताई, थांब."

तिनं वळून पाहिलं.

"कालपासून फ्रीज बंद होता. मीच पिन काढली, परत लावायची विसरलो. सकाळी गुपचूप चालू केला."

ताईचा चेहरा उतरला. बाटली तिनं टेबलावर ठेवली आणि त्या आईला म्हणाली, "आज लस देता येणार नाही. चूक आमची आहे. नवीन लसी आल्या की मी स्वतः फोन करते." मायलेकरं गेली. तिनं फ्रीज उघडून एकूण एक बाटली बाहेर काढली. त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो आपलं सामान पिशवीत भरू लागला. शरमेनं त्याला मान वर करवेना.

"कुठे निघालास?" ताई म्हणाली. "फ्रीज बंद पडला की फोन वाजेल, असं काही करता येतं का?"

"येतं. तुझा नंबर टाकतो."

"माझा नको," ताई म्हणाली. "तुझा टाक."