दुसऱ्या अंकाचं पान

त्या शनिवारी दुपारी बाबा नेहमीसारखे शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसले. नाट्यगृह कसलं, गोदामाचा वरचा मजला. साठ खुर्च्या, त्यातल्या चार मोडक्या. तिथे नवं नाटक लागलं की साप्ताहिकात त्याचं परीक्षण बाबांनी लिहायचं, हा पंचवीस वर्षांचा शिरस्ता. अंधारात वहीकडे न बघता ते लिहीत. पान भरलं की शेजारी बसलेल्या लेकीने कोपराने ढोसायचं, मग ते पान उलटत. घरी आल्यावर ते गिचमिड अक्षर लावून टाइप करणं तिचंच काम.

“आज तरी टाळ्या वाजवाल का?” व्यवस्थापकबाईंनी दारातच विचारलं.

“हात गुंतलेले असतात हो,” बाबा म्हणाले. “आणि तुमच्या खुर्च्या करकरतात तेवढं पुरे की.”

नाटक एका नवख्या मुलीचं होतं. दोन बहिणी वारलेल्या आईचं घर रिकामं करतात, एवढंच.

जिना उतरताना बाबा म्हणाले, “पोरगी लिहिते झकास. पण दुसऱ्या अंकात कच खाल्ली. तुझ्यासारखी.”

तिचा पाय अडखळला. अकरा वर्षांपूर्वी तिचं एकुलतं एक नाटक इथेच झालं होतं. ‘लेखिकेने दुसऱ्या अंकात कच खाल्ली,’ असं बाबांनी छापून टाकलं होतं. त्यानंतर तिने नाटक लिहिलं नाही, आणि दोघांनी तो विषयही काढला नाही. उत्तर अकरा वर्षं तिच्या ओठांवर होतं.

“पायरी बघा, बाबा,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा निवून गेला, तरी बाबा उठले नाहीत.

तीन आठवड्यांनी संपादकांचा फोन आला. “ताई, त्यांचं शेवटचं परीक्षण राहिलंय. वहीत असेल ना?”

तिने वही उघडली. पहिला अंक सहज लागला. पण दुसरा अख्खा अंक एकाच पानावर होता. ओळीवर ओळ, तिच्यावर आणखी ओळ. नुसता काळा डाग. त्या अंकात बहिणींनी आईचं कपाट उघडलं, तेव्हा ती बाबांना ढोसायचंच विसरली होती.

“टिपणं लागत नाहीत,” ती म्हणाली. “चूक माझी आहे. पुन्हा बघून मीच लिहिते.”

शनिवारी ती एकटीच गेली. बाबांच्या खुर्चीवर कुणीतरी पिशवी ठेवू लागलं, तेव्हा व्यवस्थापकबाईंनी ती उचलायला लावली.

दुसऱ्या अंकात बहिणी कडाकडा भांडल्या, आणि एकाएकी गळ्यात पडल्या. बाबांचं खरं होतं. तिथे नाटक खोटं पडत होतं. तिने वहीत तसं लिहिलं. मग खाली जोडलं, ‘पण ही कच भीतीची नाही, मायेची आहे.’

लोक गेले. व्यवस्थापकबाई दिवे मालवायला आल्या आणि तिला पाहून तशाच मागे फिरल्या.

तिची आई गेली त्या संध्याकाळी बाबा इथेच होते, याच खुर्चीवर, दुसरा अंक संपायची वाट बघत. दवाखान्यात आईजवळ ती एकटीच होती. त्यानंतर लिहिलेल्या तिच्या नाटकातला नवरा मात्र दुसऱ्या अंकात धावतपळत येतो, बायकोचा हात हातात घेतो.

तिने खुर्चीच्या दांड्यावर हात ठेवला.

“बाबा, मी घाबरले नव्हते,” ती मोठ्याने म्हणाली. “तुम्ही आईपाशी वेळेवर पोहोचला नाहीत. म्हणून मी तुम्हाला पोहोचवलं होतं.”