वरच्या रेंजची लाल गिटार

हे लिहायचं न्हाई असंच ठरवलं होतं. मोबाइलवर दोन ओळी टाइप करायच्या, खोडायच्या, असं लय येळा झालं. कारण गोष्ट महारुद्रची हाय, आन् त्याच्यापेक्षा जास्त शंतनुची. वाचून त्यातला कोण रुसंल सांगता येत न्हाई. पण आज लिहूनच टाकतो. मागं जाऊन वाचत बसलो तर पुन्हा खोडीन.

महारुद्र पेडगावचा. त्याचा चुलता किशनराव, त्याची बेंजो पार्टी. एक गाडी, गाडीवर जनरेटर, वर चार दिशांना तोंड करून भोंगे, आन् गाडीच्या मागं चालणारी वाजवणारी माणसं. महारुद्र पुढचा वाजवणारा, म्हणजे बेंजोवाला. लोखंडी पट्टीवर तारा, तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. तो बेंजो किशनरावनं स्वतः जवानीत वाजवलेला, आन् मग पुतण्याच्या गळ्यात घातलेला.

पण आता बेंजोला कुणी विचारंना. लग्नघरं म्हणायची, कीबोर्ड हाय का, नवीन काय हाय? किशनरावनं जिंतूरच्या नागनाथला निरोप धाडला. नागनाथ कीबोर्डवाला, पन्नाशीचा, बोलायला लय तिखट. महारुद्रला कळलं तसा तो चुलत्यापुढं जाऊन उभा राहिला.

"काका, मी गिटार घेतो. माझी जागा कुणाला देऊ नका."

किशनराव तंबाखू मळत होता. मळायचं थांबला न्हाई. "सेलूच्या लग्नाचा परण्या हाय. त्यात वाजव. गाडी नवरदेवाच्या पुढं मारुतीला पोचली आन् तवर गिटार चालली, तर जागा तुझी. न्हाई तर नागनाथ गाडीवर बसंल आन् तू झांजा धर."

झांजा. ज्यानं लहानपणापासून पुढं वाजवलं त्यानं मागं जाऊन झांजा धरायच्या. त्या रात्री महारुद्र जेवला न्हाई.

गिटारीतलं त्याला जे काय येत होतं ते शंतनुनं शिकवलेलं. शंतनु परभणीचा, गोविंदराव मास्तरांचा पोरगा, कॉलेजात क्लार्क. दोघांची वळख एका गणपतीच्या मांडवात झाली आन् मग तुटलीच न्हाई. शंतनुकडं जुनी गिटार होती, त्यावर महारुद्रनं बोटं घासली. गिटारीबद्दल शंतनुला सगळं ठाऊक असायचं. कोणती कुठं बनते, कशाचं लाकूड, कोणत्या मॉडेलला काय. दिवसभर व्हिडिओ बघायचा. गाडीमागं मात्र कधी चालला नव्हता.

दोघं मिळून परभणीच्या दुकानात गेले. पहिल्या मजल्यावर, एसी, काचेचा दरवाजा, आत एकदम गार. भिंतीवर एकाच कंपनीच्या तीन गिटारी शेजारी शेजारी टांगलेल्या. तिन्ही लाल. तिन्हींचा आकार तोच. लांबून बघितलं तर तीन बहिणी.

दुकानात भक्ती नावाची पोरगी होती. तिनं नीट समजावलं. "ही खालची रेंज, शिकणाऱ्यांची. सोबत छोटा अ‍ॅम्प फुकट. पण सूर लावायच्या खुंट्या पिळल्या की ढिल्या पडतात, उन्हात सूर टिकणार नाही. ही मधली. हिला तारांखाली सूर पकडणारे जोडीचे पिकअप आहेत, आवाज जाडा येतो. आणि ही वरची. हिला एकेरी पिकअप. आवाज एकदम मोकळा. फक्त वीज कच्ची असली तर एकेरीवाली जरा गुणगुणते."

"कुठं वाजवायची आहे?" तिनं विचारलं.

महारुद्र तोंड उघडणार, तेवढ्यात शंतनु म्हणाला, "स्टेजवर."

महारुद्रनं त्याच्याकडं बघितलं. शंतनुनं डोळ्यानंच गप म्हणून सांगितलं. गाडीमागं म्हणलं असतं तर त्या गार दुकानात कसंतरीच वाटलं असतं. महारुद्रलाबी वाटलं असतं. म्हणून तोबी गप बसला.

मग वाजवून बघितल्या. खालची नुसती टिणटिण करायची. मधली दमदार, पण आवाज कांबळं पांघरल्यासारखा. वरची हातात घेतली आन् एकच तार छेडली, तर तो सूर दुकानभर पसरला. काचेला जाऊन लागला.

"बघ!" शंतनु म्हणाला. "बघितलंस? हिच्यात आणि मधलीत जमीन-अस्मानाचा फरक आहे."

"पर मधलीच परवडती मला."

"तुझ्याकडं बेंजो आहे ना."

दुकानाचा मालक जुनी वाद्यं बदल्यात घ्यायचा, जुन्या बेंजोला त्याच्याकडं गिऱ्हाईक होतं. हे शंतनुनं आधीच विचारून ठेवलेलं. महारुद्रला हातातली लाल गिटार खाली ठेवावीशी वाटंना.

"काकाचा हाय तो."

"अरे काका तर नागनाथला गाडीवर बसवायलाय! बेंजोचं करणार काय तू? आयुष्यभर मधलीतच राहायचं का आपण?"

आपण म्हणाला तो. तिथंच महारुद्र पाघळला.

दुसऱ्या दिवशी बेंजो कापडात गुंडाळून आणून दिला. भक्तीनं तो कपाटात ठेवला. म्हणाली, "सोमवारपर्यंत गिटार बदलून हवी असेल तर बदलून देऊ, बेंजो पण परत मिळेल. फक्त गिटारीवर ओरखडा नको. ओरखडा दिसला की मालक घेत नाहीत."

सेलूचा परण्या रविवारी होता.

आता ज्यांना ठाऊक न्हाई त्यांच्यासाठी सांगतो. लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला जातो, तो परण्या. किशनरावच्या पार्टीचे त्यात दोन नियम. एक, मांडवातून निघाल्यापासून मारुतीपर्यंत वाजणं थांबवायचं न्हाई. परण्या मुका गेला की बाया नावं ठेवतात, पुन्हा त्या घरची सुपारी येत न्हाई. दुसरा, पुढच्या वाजवणाऱ्यानं तोंड नवरदेवाकडं ठेवायचं. पुढं गाडी, गाडीच्या मागं तो, आन् उलटं चालत चालत नवरदेवाला वाजवून दाखवायचं. पार्टीची तीच शान.

रविवारी दुपार कलली तशी गाडी मांडवापुढं लागली. शंतनुबी आला होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, पाव्हण्यांत उभा. नागनाथ कीबोर्ड कापडात बांधून गाडीच्या मागच्या फळीवर पाय हलवत बसला होता.

"ये रे, लाल परी घिऊन आलास व्हय?" त्यानं महारुद्रला डोळा मारला. "संबाळ. उन्हात काळी पडंल."

किशनरावनं दोरी ओढून जनरेटर चालू केला. महारुद्रनं वायर खुपसली, तोंड नवरदेवाकडं केलं.

भुर्रर्रर्र.

अजून तारेला हातबी लावला नव्हता. चारी भोंग्यांतून आग्यामोहोळ उठल्यासारखा आवाज. घोड्यानं कान टवकारले. पुढं नाचायला उभी असलेली पोरं गाडीकडं बघायला लागली.

महारुद्रनं वाजवायला सुरुवात केली. सूर निघत होता, पण त्या घूंऽऽ मधी बुडत होता. दुकानात काचेला लागलेला सूर इथं दोन हातांवरबी पोचंना. जनरेटरची कच्ची वीज, एकेरी पिकअप. भक्तीनं सांगितलं होतं. दोघांनी ऐकून सोडून दिलं होतं.

"अय, माशा शिरल्यात का खोक्यात?" नागनाथ फळीवरून ओरडला. "फवारा आणू का?"

हलगीवाले हसले. नवरदेवाची आजी, कस्तुराबाई, घोड्याच्या शेजारून चालत होती. ती म्हणाली, "आरं काय वाजवायलास बाबा, गिरणी हाय का लगीन?"

किशनराव गाडीच्या कडेनं चालत मागं आला. चेहरा लाल. हलगी चालू होती तेवढ्यात पुतण्याच्या कानाशी तोंड नेलं. "बास झालं. बेंजो काढ गाडीतून."

महारुद्र वाजवतच राहिला.

"आरं बेंजो काढ म्हणायलोय!"

"न्हाई, काका."

"न्हाई म्हंजे?"

"बेंजो न्हाई गाडीत. दुकानात दिला. हिच्या बदल्यात."

किशनरावनं पुतण्याकडं नुसतं बघितलं. त्याच्या तोंडातली तंबाखू तशीच राहिली. मग नागनाथकडं वळून हात केला, कापड सोड. नागनाथनं हसणं थांबवलं आन् कीबोर्डची गाठ सोडायला लागला. कीबोर्ड लावायला जरा येळ लागणार, तेवढाच महारुद्रकडं येळ होता.

त्यानं पाव्हण्यांत शंतनुला शोधलं. कशाला शोधलं ते त्यालाच ठाऊक न्हाई. राग होता का मदत पायजे होती. पण शंतनुला बघायला म्हणून तो कडेला वळला, भिंतीकडं, आन् भोंग्यातला तो भुंगा एकदम खाली बसला.

पुन्हा नवरदेवाकडं तोंड केलं. भुर्रर्र. पुन्हा कडेला. गप.

शंतनुलाबी ते ऐकू आलं. तो गर्दी सारून धावत आला. "तसाच थांब! आडवं धरलं की पिकअप गुणगुणत नाही! आडवाच राहा! वळू नको!" मग खाली बघितलं, तर गिटारीची वायर जनरेटरच्या वायरीला वेटोळं घालून पडलेली. शंतनुनं वाकून ती सोडवली, डोक्याच्या वर धरली आन् महारुद्रच्या मागं चालायला लागला. इस्त्रीचा शर्ट, कॉलेजातला क्लार्क, मास्तरांचा पोरगा, हातात वायर धरून परण्यात. पोरांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी त्याच्या पाठीवर गुलालाचा पंजा उमटवला. त्यानं वायर खाली केली न्हाई.

आता सूर मोकळा झाला. तोच दुकानातला. भोंग्यातून निघाला तर समोरच्या गच्चीवरच्या बाया कठड्याशी आल्या. नाचणारी पोरं वळली. नागनाथचा हात गाठीवरच थांबला.

पण महारुद्र आडवा. तोंड भिंतीकडं, गिटारीचं नाक नवरदेवाकडं, आन् चालणं खेकड्यासारखं.

"नवरदेवावर बंदूक रोखलीस व्हय रे?" नवरदेवाचा मामा खेकसला. "तोंड इकडं कर की!"

तोंड तिकडं केलं की भुंगा. किशनरावची शान एका बाजूला, सूर एका बाजूला. किशनराव बघत होता. महारुद्रनं त्याच्याकडं न बघता तसंच वाजवलं.

मारुतीची गल्ली आली. अरुंद. गाडी जेमतेम शिरती. पुढं कुणाचा तरी ऑटो आडवा लागला आन् गाडी कचकन थांबली. मागनं नाचणाऱ्यांचा लोंढा तसाच आला. महारुद्र मधी. पाठीला गर्दी, आन् गिटारीच्या खालच्या अंगाला गाडीचं लोखंडी अँगल, जवळ जवळ यायलेलं.

त्याला दिसत होतं. एक झटका देऊन गिटार छातीशी धरली असती तर वाचली असती. पण मग हात तारांवरनं निघला असता. हलगीवाले त्याच्या सुरावर वाजवायचे, तो थांबला की सगळेच थांबले असते, मारुतीच्या पायरीपासून हाकेच्या अंतरावर परण्या मुका.

"धर! धर तिला!" शंतनु ओरडला. "ओरखडा पडंल! महारुद्र, उद्या सोमवार आहे!"

महारुद्रनं हात काढला न्हाई.

खर्रकन आवाज झाला. तोबी भोंग्यातून सगळ्या गल्लीनं ऐकला. पोरांना वाटलं गाण्यातलाच हाय, त्यांनी हात वर करून कल्ला केला. ऑटो सरकला. गाडी हलली. वाजत वाजत मारुतीपुढं आली, नवरदेव उतरला, कस्तुराबाईनं नारळ फोडला. तेव्हा कुठं महारुद्रनं तारांवर तळवा ठेवला.

नागनाथनं कीबोर्डवर पुन्हा कापड ओढलं. "खेकड्या," एवढंच म्हणाला, पण आवाजात तिखटपणा नव्हता.

किशनराव आला. गिटारीच्या कडेला बोटभर लांब पट्टा, लाल रंग निघून आतलं पांढरं लाकूड दिसत होतं. त्यावर त्यानं अंगठा फिरवला.

"पुढच्या सुपारीला तोंड नवरदेवाकडं पायजे. कसं करायचं ते तू बग." मग जायला वळला आन् पाठमोराच म्हणाला, "जागा तुझी. बेंजोचं मात्र मला इचारायचं हुतंस."

महारुद्रनं वायर काढून गुंडाळली.

देवळाच्या दाराशेजारी हापसा होता. शंतनु तिथं शर्टावरचा गुलाल धूत बसला होता, पण तो निघत नव्हता, नुसता पसरत होता. महारुद्र शेजारी जाऊन बसला. गिटार मांडीवर.

"मधली घ्यायला पाहिजे होती," शंतनु म्हणाला. "जोडीचे पिकअप. गुणगुणलीच नसती. भक्ती सांगत होती आणि मी... स्टेजवर म्हणालो. कुठलं स्टेज? मला लाज वाटली रे. तुझ्या गाडीची."

"मलाबी वाटली. म्हणून तर गप बसलो."

"आता बेंजो पण गेला. बदलून पण मिळणार नाही." शंतनुनं हापशाचा दांडा उगंच वर खाली केला. पाणी आलं, वाहून गेलं. "तू आता मला काही विचारणार नाहीस. गिटारीतलं तर नाहीच."

महारुद्रनं त्याच्याकडं बघितलं. गुलालानं पाठ, कॉलर, अर्धा कान लाल. हातात घेतल्यापासून मारुतीपर्यंत ह्या माणसानं वायर खाली टेकू दिली नव्हती.

"बेंजो मी पैसे भरून सोडवून आणतो," महारुद्र म्हणाला. "काकाला घिऊन जाऊन, त्याच्यासमोर. ते माझं मी बगीन. आन् तुला सांगतो, पुढची गिटार घ्यायची झाली तर तुझ्याबिगर दुकानाची पायरी चढणार न्हाई. तू सांग, कोणती रेंज, कोणतं मॉडेल, सगळं सांग. मी ऐकीन. पण मग जनरेटर आन् भोंगा रिक्षात घालून दुकानाखाली आणीन, वायर तू धरायचीस, आन् रस्त्यावर, सगळ्यांसमोर वाजवून बगितल्याबिगर हो म्हणणार न्हाई. हे बग, मारुतीच्या दारात बसून बोलायलोय. शब्द हाय माझा."