शेवटच्या गुरुवारचं कुंकू

सावळीराम मुकादम नऊ वर्षं सुरगाण्याची टोळी द्राक्षबागेत घेत नव्हता. मालकांनी विचारलं, की म्हणायचा, "त्या लोकांना द्राक्षाचं काम जमत नाही." धादांत खोटं होतं. पण दिंडोरीत त्याचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. दारूला शिवत नाही, मजुराला शिवी देत नाही, साप चावलेल्या बाईला पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत पळाला. असा देवमाणूस खोटं कशाला बोलेल?

ब्याऐंशीच्या मार्गशीर्षात माणसं कमी पडली आणि मालकांनी परस्पर सुरगाण्याहून जीप भरून मजूर आणले. त्यातच नवसाबाई होती.

घड विरळता विरळता ती शेजारणीला सांगू लागली, तशी दोन ओळी पलीकडे सावळीरामच्या हातातली कात्री थांबली.

"माझा घरवाला केरू. नाथा नावाच्या माणसानं त्याला नादी लावलं. दोघांनी दुकान फोडलं, पोलीस मागं लागले. तवापासून दोघं गायब. नऊ वरसं झाली. पण हाय तो कुठंतरी. म्हणून तर बागा हिंडते."

नाथा तिच्यापासून दोन ओळींवर उभा होता. केरू कुठे आहे, हे त्या एकट्यालाच ठाऊक होतं. घाटातल्या ओहोळाकाठी, उंबराखाली. केरू पोलिसांना शरण जायचं म्हणत होता, एवढंच. नाथानं दगड उचलला, आणि पुढे दिंडोरीत येऊन नाव बदललं.

नंतर तो खरंच बदलला होता. त्यात ढोंग नव्हतं. आपण सुधारलो म्हणजे ते फिटलं, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती. केरूच्या मागे कुणी बाई वाट बघत असेल, हे मात्र त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

शनिवारी जीप परत जाणार होती. दोन दिवस जीभ आवरली, की सुटला असता.

पण तो मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता. संध्याकाळी त्याची बायको मंगलाबाई ओट्यावर मजूरणींना हळदीकुंकू लावत होती. नवसाबाई मागेच घुटमळली.

"मला चालंल का, वहिनी? माझा माणूस घरी नाय."

"अगं, असेल तिथे सुखात असेल. सवाष्ण आहेस तू. ये पुढे."

मंगलाबाईनं कुंकवाची चिमूट उचलली. सावळीराम ओट्याशी आला.

"तिला लावू नकोस."

"अहो, सणासुदीचं काय हे बोलणं!"

"केरू मेलाय. मी मारला. मीच नाथा."

मंगलाबाईची चिमूट हवेतच राहिली. अंगणात बसलेले मालक उठून पुढे आले. नवसाबाईला म्हणाले, "बाई, त्या वेळी हा वाईट असेल. पण नऊ वर्षं आम्ही बघतोय, याच्यासारखा चांगला माणूस नाही. आता उकरून काय मिळणार?"

नवसाबाईनं पदराच्या टोकानं आपलं कपाळ पुसलं. सावकाश, दोनदा.

"मालक, हा हितं चांगला वागत होता, तवा मी रोज सकाळी मेलेल्याचं कुंकू लावत होते."

मग ती सावळीरामकडे वळली.

"कुठं पुरलास? चल, दाखव."

सावळीराम चपला न घालताच जीपकडे निघाला.