जुन्या गेटवर बोललेला शब्द

बोटाच्या पेराचा आवाज आधी यायचा आणि माणूस नंतर. उजव्या हाताचं मधलं बोट दुमडून उकंडराव दाराच्या चौकटीवर, भिंतीवर, वाटेतल्या एखाद्या खांबावर हलकेच ठोकत, मान किंचित कलती करून ऐकत आणि मगच पुढे पाऊल टाकत. आत येण्याची परवानगी मागणारा तो ठोका नव्हता. वणीजवळच्या एका भूमिगत खाणीत त्यांनी उभी हयात छताला लाकडी टेकू लावण्यात घालवली होती, आणि टोपीवरच्या दिव्याला जिथे हातभरच दिसतं तिथे माणसाचे प्राण कानावर टांगलेले असतात. सळईने छतावर ठोकलं आणि खणखणीत नाद आला, तर वरचा थर घट्ट आहे. आवाज बद्द आला, पोटातल्या पोटात विरला, तर थर सुटला आहे, माणसं मागे घ्या. नोकरी संपून वर्षं लोटली तरी बोट ते विसरलं नव्हतं. बाजारातलं टरबूज असो, एसटीच्या थांब्याचा पत्रा असो, ते आधी ठोकून पाहत आणि मग त्या वस्तूविषयी आपलं मत मनाशी पक्कं करत.

ते उंच नव्हते, पण उन्हात उभे राहिले की उंच वाटत. हातावरच्या जुन्या जखमांत कोळसा कायमचा मुरून निळसर रेघा झाल्या होत्या, आणि बोलताना ते हात वर करत तेव्हा नदीचं एखादं कोरडं पात्र आपल्या उपनद्यांसह आभाळाकडे उचललं जातंय असं वाटे. त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून जन्मल्याबरोबर आईने त्यांना घटकाभर उकिरड्यावर ठेवलं आणि नाव ठेवलं उकंडा. टाकलेल्या लेकरावर मृत्यूची नजर जात नाही, असा आमच्याकडचा समज. ते स्वतःच हसून सांगत, "आपण तं जलमताच फेकेल माणूस आहो गा. आता आपल्याले कोण फेकते?"

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते कॉलरीच्या, म्हणजे त्याच कोळसाखाणीच्या, गेटवर. त्या काळी एक पाळी सुटून दुसरी लागण्याच्या मधला वेळ हा त्यांच्या पक्षाचा वेळ होता. भोंगा वाजायचा, आतून काळी माणसं बाहेर यायची, बाहेरची उजळ माणसं आत जायला थांबायची, आणि त्या काळ्या-उजळाच्या संगमावर, लाल झेंड्याच्या बुंध्याशी उकंडराव उभे असायचे. शेजारी एक दगड होता. खाणीत छत कोसळून गेलेल्यांची नावं त्याच्यावर कोरलेली. बोलायला सुरुवात करण्याआधी ते त्या दगडावर तळवा टेकवत. संप पुकारायचा असो की मागे घ्यायचा, त्या दगडावर हात ठेवून दिलेला शब्द तेवढा शब्द. बाकी सगळी हवा. हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं, पण त्या गेटवर ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मी तेव्हा ठेकेदाराचा मजूर होतो. सभेत मला जागा नव्हती, म्हणून कुंपणाच्या तारेला टेकून ऐकायचो. त्या आवाजाने मला सौदा शिकवला. आपली नड आधी सांगायची नाही. समोरचा बोलेपर्यंत गप्प बसायचं. आणि उठून जायची तयारी नुसती दाखवायची नाही, खरोखर ठेवायची. आज माझे टिपर आहेत, चंद्रपूरच्या रस्त्यावर धरमकाट्याला लागून ऑफिस आहे, आणि भरलेली गाडी काट्यावर चढली की वजन मला चाकांच्या आवाजावरून कळतं. या सगळ्याच्या मुळाशी तो तारेपलीकडचा आवाज आहे. हे मी नाकारत नाही. म्हणूनच माझा राग इतकी वर्षं टिकला.

कारण एका उन्हाळ्यात आम्ही ठेक्याचे सगळे मजूर त्यांच्या युनियनच्या खोलीत गेलो होतो. पत्र्याचं छप्पर तापलं होतं, भिंतीवरच्या थोरांच्या तसबिरींखाली सावलीचा तुकडा होता आणि त्यात उकंडराव बसले होते. आम्हाला सभासद करून घ्या, एवढंच आमचं म्हणणं. त्यांनी सगळ्यांना पाणी दिलं, अतिशय मायेने बसवलं आणि मग म्हणाले, "ज्याची हजेरी कंपनीत, त्याची युनियन. तुमची हजेरी ठेकेदाराच्या खिशात आहे. आधी पर्मनंट व्हा, मंग या." पक्षातल्या वरच्यांचा तसा निर्णय होता म्हणे. पुढे कंपनीशी करार झाला, पर्मनंटवाल्यांच्या क्वार्टरांना रंग लागला, आणि त्याच कोळशाच्या त्याच धुळीत बरोबरीने उभे असलेले आम्ही तो रंग वाळताना पाहत राहिलो. कोळशाचा मोठा ढीग फार दिवस पडून राहिला की वरून थंड दिसतो आणि आतल्या आत धुमसतो. हात घातला की चटका बसतो. माझी अढी तशी होती.

मग काळाने खाणीचीच उलथापालथ केली. भूमिगत खाण बंद पडली, जमीन वरूनच उघडली गेली, आणि पोटातून काढलेल्या मातीचे डोंगर गावाच्या आणि आभाळाच्या मध्ये उभे राहिले. पर्मनंट माणसं एकेक करून निवृत्त झाली. त्यांच्या जागी ठेक्याची माणसं आली, आणि ती जुन्या गेटने येत नाहीत. त्यांच्या बसगाड्या डोंगरांना वळसा घालून पलीकडच्या नव्या गेटने आत जातात. पक्ष मात्र जुन्याच गेटवर उभा राहिला. तोच झेंडा, तीच घोषणा, आणि समोर गुडघे चोळणारे म्हातारे. त्यांची मुलं दुसऱ्या रंगांचे गमछे घालून फिरू लागली. कष्टकऱ्यांचा पक्ष हे नाव राहिलं आणि कष्टकरी पलीकडच्या रस्त्याने येत-जात राहिले. या दोघांत भांडण झालं नाही, हेच वाईट झालं. भांडणात निदान एकमेकांचं तोंड पाहावं लागतं.

गेल्या निवडणुकीच्या आधी, कार्तिकातल्या एका सकाळी, माझ्या ऑफिसच्या टेबलावर दोन ठोके पडले. बाहेर कापसाची वेचणी चालू होती. कोळशाच्या गाड्यांनी उडवलेल्या धुळीने रस्त्याकडेची बोंडं राखाडी झाली होती, जणू फुटतानाच म्हातारी झालेली.

"तुयं टेबल बद्द वाजते गा, मारोती," उकंडराव म्हणाले.

"आतून भुसा आहे काका. तुमच्या पार्टीवानी."

ते हसले. खोकल्याने ते हसू मधेच तोडलं. "तुया जिभेले अजूनही टेकू लागत नाही. आयक. माणसं पाहिजे. तुये ड्रायवर, ते नव्या गेटवाले सारे. एकदा त्यायनं आमचं आयकून घ्यावं. मंग मत कोणालेही देवो."

"माणसं कायले येतीन? तुमी त्यायले काय देता?"

"तू सांग."

इतकी वर्षं मी या 'तू सांग'ची वाट पाहत होतो. सौद्यात हा शब्द आला की हात आपला. मी म्हटलं, "नव्या गेटवर या. त्यायच्यासमोर उभं राहा अन् म्हणा, आमी तुमाले बाहेर ठेवलं, आमची चूक झाली. तेवढंच. म्हणत असान तं साऱ्यायले घेऊन येतो. नाही तं चहा घ्या अन् जा."

ते खिडकीबाहेर पाहू लागले. काट्यावर एक टिपर चढला, थरथरला, उतरून गेला. चहावर साय धरली. त्यांच्या चेहऱ्यावर मला राग दिसेल असं वाटलं होतं. दिसली ती खोल खाणीत उतरण्याआधीची सावधगिरी.

"लय महाग लावलं बाप्पा तुनं," ते शेवटी म्हणाले. मग टेबलावर पुन्हा बोट ठोकलं. "म्हणतो."

सभेच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. ते अंगणात नव्हते. शेवंताकाकू, त्यांची बायको, तूर निवडत बसली होती. माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "काय लावून देल्लं रे तुनं या बुढ्याले? शाळेतल्या लेकरावानी एकच बोलणं घोकून राह्यला. न्हाणीत म्हणते, जेवता जेवता म्हणते. मी म्हटलं, मले काहून सांगता, मी कुठं बाहेर होतो?" ती हसली, आणि मग सूप हातात तसंच थांबलं. "जमते का नाही, भेव आहे त्याले. पार्टीवाले म्हणे नको बोलू असं. पण तो म्हणतो, शब्द देल्ला."

त्या एका वाक्यावर त्या माणसाने आपलं सगळं लावलं आहे, हे मला तिथे कळलं. झेंडा, संप, अंगावर घेतलेल्या लाठ्या, आयुष्यभराचं खरेपण, सगळं. आणि मला समाधान वाटलं. त्या क्षणी मला हा न्याय वाटत होता.

दुसऱ्या दिवशी पाळी बदलण्याच्या वेळी मी नव्या गेटवर माणसं उभी केली. माझे ड्रायव्हर, ओळखीचे मुकादम, बसमधून उतरलेले ऑपरेटर. ऊन तिरपं झालं होतं. मातीच्या डोंगरांच्या सावल्या लांबत लांबत आमच्या पायांपर्यंत आल्या आणि वर चढू लागल्या. माणसं घड्याळ पाहू लागली. एक जण म्हणाला, "शेठ, तुमचा कामरेड कुठं पंक्चर झाला?" हशा झाला. मी फोन लावला तर काकूने उचलला. फोन घरीच राहिला होता. "तो तं केव्हाचाच गेला," ती म्हणाली.

तेवढ्यात तो आवाज आला. डोंगरांच्या पलीकडून, जुन्या गेटच्या बाजूने, कर्ण्यातून फाटलेला, वाऱ्यावर हेलकावणारा आवाज. मी तो हजारांत ओळखला असता. चढ-उतार तेच, मधली ती शांतता तीच. फक्त शब्द येत नव्हते. माती शब्द पिऊन टाकत होती आणि नाद तेवढा आमच्यापर्यंत सोडत होती. आम्ही सगळे त्या दिशेला तोंड करून क्षणभर उभे राहिलो. मग बसने हॉर्न दिला, माणसं चढली, आणि गेट मोकळं झालं. सौदा ठरवून माणूस दुसऱ्याच दुकानात गेला, एवढंच मला दिसत होतं. मी डोंगर ओलांडून तिकडे गेलो नाही.

निकाल लागला. ज्या वस्तीत पूर्वी दुसऱ्या पक्षाला प्रचारासाठी ओटा मिळत नसे, त्या वस्तीनेही तोंड फिरवलं होतं. त्यानंतर कधीतरी भगवान, उकंडरावांच्या बरोबरीचा निवृत्त खाणकामगार, धरमकाट्याजवळच्या टपरीवर चहा पीत बसला होता. मी विषय काढला नव्हता, त्यानेच काढला.

"तुया काकाचं डोकं फिरलं होतं त्या दिवशी," तो म्हणाला. "आमी पेन्शनवाले तेवढे दगडापाशी बसलतो. त्यानं दगडावर हात ठेवला अन् म्हणे, आमी तुमाले बाहेर ठेवलं, आमची चूक झाली. दोनदा म्हणे. आमी एकामेकाच्या तोंडाकडे पाह्यलं. आमाले कोणं बाहेर ठेवलं गा? आमी तं आतच होतो."

माझ्या हातातला चहा मी खाली ठेवला. "मंग नव्या गेटवर काहून नाही आले?"

"मीनं इचारलं ना. तं म्हणे, तिथं दगड कुठं आहे? कोणावर हात ठेवून बोलू? अन् म्हणे, भोंगा तं इथूनच साऱ्या मुलखाले आयकू जाये. माया आवाज जाईनच." भगवानने चहा संपवला. "बोलून झालं तं खालीच बसला. उठवाले दोघं लागले."

उकंडराव चैत्रात गेले. मी गेलो होतो. प्रेतावर लाल झेंडा होता, तोच म्हाताऱ्यांचा घोळका होता, आणि डोंगरांपलीकडे नव्या गेटवर पाळी बदलत होती. त्या गेटवरच्या कुणालाही कळलं नाही की आपली माफी मागितली गेली आहे. मीही त्यांना सांगितलं नाही. दुसऱ्याच्या तोंडून पोचवलेली माफी मी त्यांच्या जागी असतो तर घेतली नसती.

आता खुली खाण सरकत सरकत जुन्या गेटपर्यंत आली आहे. कुंपणाची तार निघाली, झेंड्याचा खांब वाकला. दगड हलवणार म्हणतात, कुठे ते कुणी सांगत नाही. परवा मी तिथे गाडी थांबवली. उतरलो, आणि का कोण जाणे, बोट दुमडून दगडावर ठोकलं. खणखणीत वाजला. त्या माणसाने शब्द मोडला नव्हता. जिथे शब्द खरा होतो असं तो मानत आला, तिथेच त्याने तो ठेवला होता. मी मागितलेलं त्याने दिलं, आणि मला मिळालं मात्र नाही. अजूनही संध्याकाळी वारा त्या बाजूने सुटला की मला वाटतं, गेलेली माणसं बोलायची थांबत नाहीत. मधे काळ मातीचा डोंगर होऊन उभा असतो, आणि आपल्यापर्यंत त्यांचा आवाज तेवढा येतो, शब्द येत नाहीत.