पाठीवर मावेल असे नाव

सकाळी साडेअकरा वाजता मुखपृष्ठ परत आले. सोबत प्रकाशकांची एवढीच सूचना होती : नाव पुस्तकाच्या पाठीवरच्या अरुंद पट्टीत मावत नाही, चारपर्यंत लहान करून द्या, पाचला छपाई सुरू.

नाव होते 'अस्तगिरीच्या सात दुर्गांची महागाथा'. ताईने ते पुन्हा एकदा मोठ्याने वाचले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"यातलं काय कापू?"

"महा काप," धाकटा भाऊ म्हणाला. तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नकाशातल्या नद्यांना निळा रंग देत होता. "मग गाथा काप. मग दुर्ग. उरलेलं चहाबरोबर खाऊ."

पुस्तक एका खेळाच्या नियमांचे होते. चारपाच जणांनी टेबलाभोवती बसायचे, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे आणि बोलता बोलता गोष्ट खेळायची. त्यांच्यापुढे काय येते, कोण दबा धरून बसले आहे, हे सांगणारा एकजण पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसतो. पुस्तकात त्याला सूत्रधार म्हटले होते. नियम सगळे ताईचे, नकाशे आणि चित्रे धाकट्याची. दर शनिवारी याच टेबलावर दातांची डॉक्टर आणि गणिताचे मास्तर खेळायला यायचे. आडोशामागे ताई बसायची. खेळ सुरू झाल्यापासून तिथे दुसरे कुणी बसलेले नव्हते.

दुपारपर्यंत बरीच नावे आली आणि गेली. 'सप्तदुर्ग' औषधाच्या बाटलीवर शोभेल, असे धाकट्याचे मत पडले. 'अस्तगिरी' हे ताईलाच वृद्धाश्रमाचे नाव वाटू लागले. शेवटी थोडा वेळ मागून घ्यावा म्हणून तिने प्रकाशकांना फोन लावला. त्याच वेळी धाकटा स्वयंपाकघरात डॉक्टरशी फोनवर बोलत होता. तो तिथूनच ओरडला,

"ताई, डॉक्टर विचारतेय, आज राज्य कुणावर?"

ही त्यांची जुनी थट्टा होती. पकडापकडीतले राज्य आडोशामागच्या खुर्चीवर आणून ठेवलेले, आणि उत्तर ठरलेले : ताईवर.

"काय म्हणालात?" प्रकाशकांनी विचारले.

"मी? काहीच नाही."

"म्हणालात की. छान आहे. ठेवतो."

तासाभराने नवे मुखपृष्ठ आले. धाकट्याच्या डोंगरांवर मोठ्या अक्षरांत 'राज्य कुणावर?' असे छापलेले होते. ताईने पुन्हा फोन केला.

"अहो, ते नाव नव्हतं. माझा भाऊ ओरडत होता."

"मग अधूनमधून ओरडू देत जा त्याला. पाठीवर मावून वर दोन बोटं जागा उरतेय."

"पण असं नाव वाचलं की कुणालाही वाटणार, राज्य फिरतं. आमच्या पहिल्या प्रकरणात स्पष्ट लिहिलंय, सूत्रधार एकच असतो, तो बदलत नाही."

"मग ती ओळ बदला. एकच आहे ना?"

"ओळ एकच आहे."

"चारपर्यंत," प्रकाशक म्हणाले.

ताईने संगणकावर पहिले प्रकरण उघडले आणि त्या ओळीवर बोट ठेवले. पडद्यावर बोटाचा ठसा उमटला, तो तिने पदराने पुसला आणि पुन्हा तिथेच बोट ठेवले. धाकटा नदी रंगवत राहिला.

"तू काहीतरी बोल," ती म्हणाली.

"मी कशाला? माझी फक्त चित्रं."

"बोल म्हटलं ना."

"लहानपणी तुझ्यावर राज्य आलं की फतकल मारून रडायचीस. आईला खाली यावं लागायचं. आता आलंय तर सोडत नाहीस."

"सोडलं तर चालवणार कोण? मास्तर? लढाईच्या आधी भागाकार सुरू होईल."

"मी चालवीन."

"तू?"

"वाईट चालवीन. पण चालवीन."

"नियम तरी पाठ आहेत का तुला?"

"पुस्तक आहे ना. फार नीट लिहिलंय म्हणे."

ती हसली नाही, पण चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आला. पावणेचारला तिने जुनी ओळ खोडून नवी लिहिली : 'दर खेळाला राज्य नव्या माणसावर.' ती वाचून पाहिली, शेवटचे टिंब काढले, परत दिले आणि ओळ पाठवली.

छपाई सुरू झाल्याचा निरोप सात वाजता आला. तोवर डॉक्टर आणि मास्तर येऊन बसले होते, आणि कुठे बसायचे ते ताईला कळत नव्हते. तिने एक खुर्ची ओढली, ती मास्तरांची निघाली. मग ती खिडकीपाशी बसली. धाकटा आडोशामागे गेला. तिथून त्याचे फक्त केस दिसत होते.

"कुलपं उघडणारी म्हातारी घेते मी," ताई म्हणाली.

"कधीपासून डोळा होता तिच्यावर?" डॉक्टरने विचारले.

"तिला लिहिलं तेव्हापासून."

धाकट्याने कबूल केल्याप्रमाणे खेळ वाईट चालवला. त्याने नदी दोनदा एकाच बाजूने ओलांडायला लावली. पहारेकऱ्याचे नाव तो विसरला आणि त्याला नुसते "हे गृहस्थ" म्हणू लागला. ताई दर वेळी तोंड उघडायची.

"बोलू नका," मास्तर म्हणाले. "तुमच्यावर राज्य नाही."

तिने शेंगदाण्यांची वाटी जवळ ओढली. असेच तिसऱ्या दुर्गापर्यंत आले.

"समोर दार आहे," धाकटा म्हणाला. "बंद. आतून कुणीतरी शीळ घालतंय."

"तिसऱ्या दुर्गात दार नाहीये."

"आता आहे."

"शीळ कोण घालतंय?"

धाकट्याने आडोशावरून डोकावून तिच्याकडे पाहिले आणि खांदे उडवले. ताईने वाटी बाजूला सारली. ती खुर्चीच्या अगदी कडेवर येऊन बसली होती.

"कान लावते दाराला," ती म्हणाली. "नाही, थांब. कुलूप बघते आधी."

"फासा टाक."

आडोशामागे फासा पुठ्ठ्याला अडतो. या बाजूला अडायला काही नव्हते, हे तिच्या हाताला माहीत नव्हते. फासा टेबल ओलांडून खाली पडला आणि कपाटाखाली गेला.

डॉक्टरने जमिनीला गाल टेकून मोबाइलचा उजेड आत टाकला. फासा दिसत होता, पण भिंतीला टेकून तिरका थांबला होता. पाच धरायचे की सहा, यावर मास्तर आणि धाकटा वाद घालू लागले. ताई डॉक्टरच्या शेजारी पोटावर आडवी झाली होती आणि कुणी हात लावू नका म्हणून सगळ्यांना बजावत होती.